ख्रिस्ती विद्यापीठात संगीताची पदवी: अर्जापासून पहिल्या सत्रापर्यंत

संगीत विभागांची माहितीपत्रकं सगळी सारखीच दिसतात. रंगीत काचांची खिडकी, तिच्याखाली एकसारख्या झग्यांतला कॉयर, कोपऱ्यात ग्रँड पियानो. अमेरिकेत ख्रिस्ती म्हणवणारी कॉलेजं आणि विद्यापीठं शेकड्यांनी आहेत, त्यामुळे असे फोटो बघून निवड करायची तर चिठ्ठ्या टाकलेल्या बऱ्या. खरा फरक दोन रुक्ष कागदांत असतो. एक चार वर्षांचा डिग्री प्लॅन, दुसरा स्टुडंट हँडबुक. पहिल्यातून कळतं की तुमचे दिवस कशात जाणार, दुसऱ्यातून कळतं की तुमच्याकडून कसं वागण्याची अपेक्षा आहे. हे दोन्ही कागद बहुतेक ठिकाणी कोणालाही वाचायला खुले असतात, तरी ते प्रवेश घेतल्यावर उघडणारेच जास्त. आपण उलट्या क्रमाने जाऊ.

पदवीचं नाव म्हणजे वेळापत्रक

'संगीताची पदवी' असं एकच काही नसतं. बॅचलर ऑफ म्युझिक, म्हणजे बी.एम., ही व्यावसायिक पदवी. गायन, वाद्य किंवा रचना यात मुरायचं असेल तर ही. बॅचलर ऑफ आर्ट्स, म्हणजे बी.ए. इन म्युझिक, यात संगीत हा मुख्य विषय असला तरी बाकीच्या विषयांना भरपूर जागा असते. तिसरी म्युझिक एज्युकेशनची, शाळेत संगीत शिकवायचा परवाना मिळवण्यासाठी. यांच्यातला फरक नुसता नावाचा नाही. संगीत संस्थांना मान्यता देणारी नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक ही संस्था १९२४ पासून आहे. तिच्या निकषांनुसार बी.एम.मध्ये साधारण ६५ टक्के अभ्यास संगीताचा असावा लागतो, म्युझिक एज्युकेशनमध्ये निम्मा आणि बी.ए.मध्ये ३० ते ४५ टक्के.

पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात असं धरलं तर बी.एम.ची ७८ क्रेडिट संगीतातच गेली. उरलेल्या ४२ मध्ये इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास बसवायचं. ख्रिस्ती विद्यापीठात त्यात आणखी भर पडते ती बायबल आणि ईशशास्त्राच्या सक्तीच्या पेपरांची. कुठे दोन पेपर असतात, कुठे सहा-सात. मग बी.एम.चा विद्यार्थी दर सत्राला १७-१८ क्रेडिट उचलत राहतो किंवा उन्हाळ्यात पेपर उरकतो. त्यात मेख अशी की कॉयर, ऑर्केस्ट्रा, बँड यांना आठवड्याला चार-पाच तास द्यावे लागतात आणि क्रेडिट मिळतं एक, काही ठिकाणी शून्य. कागदावर १७ दिसणारं ओझं प्रत्यक्षात कितीतरी जास्त भरतं. म्हणून प्रवेश कार्यालयाला विचारायचा पहिला प्रश्न शिष्यवृत्तीचा नसावा. तुमच्या विभागातले किती जण ही पदवी खरोखर चार वर्षांत पूर्ण करतात, हे आधी विचारा.

या तिघींशिवाय ख्रिस्ती विद्यापीठांत हमखास दिसणारी चौथी शाखा म्हणजे चर्च म्युझिक किंवा वर्शिप आर्ट्स. ही दोन नावं एकाच गोष्टीची वाटली तरी अनेकदा दोन वेगळे संसार असतात. चर्च म्युझिकमध्ये ऑर्गन, कॉयर चालवणं, उपासनागीतांचा इतिहास, उपासनेची वार्षिक चक्रं. वर्शिप आर्ट्समध्ये बँड, कानात मॉनिटर (छोटा स्पीकर) घालून क्लिक ट्रॅकवर, म्हणजे टकटक देणाऱ्या ठोक्यांवर, वाजवणं, आकड्यांत कॉर्ड लिहायची नॅशव्हिल पद्धत, ध्वनिव्यवस्था. डिग्री प्लॅनमधले पेपर वाचल्याशिवाय कुठला संसार आहे ते कळत नाही. टेनेसी राज्यात नॅशव्हिललाच असलेल्या बेलमाँट विद्यापीठासारख्या ठिकाणी कमर्शियल म्युझिक आणि म्युझिक बिझनेस हे वेगळेच मोठे रस्ते आहेत. आणि म्युझिक थेरपीकडे ओढा असेल तर हेही माहीत असू द्या की त्या शिक्षणात किमान १२०० तासांचं क्लिनिकल प्रशिक्षण धरलेलं असतं.

पंथ बघा, कारण संगीत पंथाप्रमाणे बदलतं

नवखा माणूस 'ख्रिस्ती' हा एकच शब्द वाचतो आणि पुढे जातो. संगीत शिकणाऱ्याने इथेच थांबायला हवं. कुठल्या पंथाने ते विद्यापीठ काढलं, यावरून तिथे काय गायलं-वाजवलं जातं याचा बराच अंदाज येतो.

लुथरन कॉलेजांत कॉयर हा कणा असतो. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डच्या सेंट ओलाफ कॉलेजात एफ. मेलिअस क्रिश्चन्सन यांनी १९१२ मध्ये ज्या कॉयरची घडी बसवली, तिच्यामुळे वाद्यांच्या साथीशिवाय गाणाऱ्या कॉलेज कॉयरची परंपरा अमेरिकेत रुजली. तिथला ख्रिसमस फेस्टिव्हलही त्याच वर्षापासूनचा. मेनोनाइट पंथात मंडळीच, म्हणजे उपासनेला जमलेले सगळे लोक, चार आवाजांत, साथीशिवाय गाते. इंडियानातलं गोशेन कॉलेज त्या परंपरेतलं. चर्चेस ऑफ क्राइस्ट या पंथात तर उपासनेत वाद्य नसणं हीच पूर्वापार रीत. टेक्ससमधलं ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठ त्या वारशातून आलेलं. अशा ठिकाणी मुलांना हार्मनी कानाने आधी येते, कागदावर नंतर. रिफॉर्म्ड परंपरेत बायबलमधली स्तोत्रसंहिता पद्यात बांधून गाण्याची जुनी शिस्त आहे. जिनिव्हात त्या पद्यस्तोत्रांचा संपूर्ण संग्रह १५६२ मध्ये पूर्ण झाला आणि त्यातल्या चाली आजही वापरात आहेत. मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समधलं कॅल्व्हिन विद्यापीठ या परंपरेतलं. उपासनेचा अभ्यास करणारी एक खास संस्था तिथे १९९७ पासून चालते.

पेंटेकोस्टल विद्यापीठांत, उदाहरणार्थ टेनेसीतल्या क्लीव्हलंडच्या ली विद्यापीठात किंवा ओक्लाहोमातल्या ओरल रॉबर्ट्सला, गॉस्पेल आणि वर्शिप बँडचं वजन जाणवतं. कॅथलिक विद्यापीठांत लॅटिन, ग्रेगोरियन गायन आणि ऑर्गन भेटतात. वॉशिंग्टनचं कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका आणि पिट्सबर्गचं ड्यूकेन, दोन्हीकडे स्वतंत्र संगीत स्कूल आहेत. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठांत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात. मिशिगनमधलं अँड्र्यूज आणि अलाबामातलं ओकवुड ही त्यांतली. बाकीच्या जगात मैफलींचा हमखास दिवस म्हणजे शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ. तिथे शिकताना हा हिशेब बदलतो, बाहेरचे कार्यक्रम स्वीकारतानाही.

कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या कॉलेजांचा विषय वेगळा काढायला हवा. नॅशव्हिलचं फिस्क १८६६ मध्ये मिशनऱ्यांच्या मदतीने सुरू झालं आणि पाच वर्षांत पैशांअभावी बंद पडायच्या बेतात आलं. तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी १८७१ मध्ये काही विद्यार्थी गायकांना घेऊन दौरा काढला. गुलामगिरीत जन्मलेली स्पिरिच्युअल्स ही भक्तिगीतं त्यांनी मैफलीच्या रंगमंचावर आणली आणि त्या कमाईतून संस्था तर तगलीच, वर ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. फिस्क ज्युबिली सिंगर्स आजही गातात. ओकवुडचा एओलियन्स हा कॉयर याच मोठ्या परंपरेतला. स्पिरिच्युअल्स शिकायची मनापासून इच्छा असेल तर ती जिथून मैफलीत आली तिथे शिकण्याला तोड नाही.

एवढं सांगून एक सावधगिरीची सूचना: पंथावरून अंदाज बांधा, निष्कर्ष काढू नका. बाप्टिस्ट मुळाच्या बेलरसारख्या मोठ्या विद्यापीठात ऑपेरा, जॅझ, ऑर्केस्ट्रा, ऑर्गन सगळंच असतं. अंदाज पडताळायचा सोपा उपाय म्हणजे विभागाने गेल्या दोन वर्षांत केलेल्या कार्यक्रमांच्या पत्रिका मागवून वाचणं.

दुसरा कागद: हँडबुक

यात तीन गोष्टी शोधायच्या आणि त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

पहिली, श्रद्धेचं निवेदन. काही विद्यापीठं प्रवेशासाठीच ख्रिस्ती श्रद्धा मागतात. कॅलिफोर्नियातलं बायोला त्यांपैकी. अर्जासोबत पाळकांचं शिफारसपत्र किंवा स्वतःच्या श्रद्धेवर निबंध लागू शकतो. कॅथलिक, लुथरन, मेथडिस्ट संस्थांत मात्र सहसा कुठल्याही धर्माचा किंवा कुठलाच धर्म न मानणारा विद्यार्थी प्रवेश घेऊ शकतो.

दुसरी, आचारसंहिता. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात तिला कम्युनिटी कव्हेनंट म्हणतात, व्हर्जिनियातल्या लिबर्टीत लिबर्टी वे. मद्य, लैंगिक संबंध, वसतिगृहात कोणी कधी यायचं अशा बाबी त्यात असतात. पटत नसेल तर सही करून मग पळवाटा शोधण्यापेक्षा दुसरं विद्यापीठ शोधावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चार वर्षं दुसऱ्याच्या घरात चोरून राहिल्यासारखं वागत कोणी नीट रियाज करू शकत नाही.

तिसरी, चॅपल. म्हणजे सर्वांनी जमायची उपासना. इथे टोकाचे फरक आहेत. कॅल्व्हिनमध्ये चॅपल ऐच्छिक आहे. बेलरमध्ये पदवीच्या काळात दोन सत्रं ते पूर्ण करावं लागतं. काही ठिकाणी आठवड्यातून दोन-तीनदा हजेरी आणि गैरहजेरीला दंड. संगीताच्या विद्यार्थ्याला चॅपल ही नुसती हजेरी नसते, पुष्कळदा तिथे वाजवायला वा गायला तोच लागतो. ते काम कोणाच्या खात्यात धरलं जातं, क्रेडिट आहे का, मानधन आहे का, की 'सेवा' म्हणून फुकट, हे आधी विचारून घ्या. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट. सक्तीचा बायबलचा पेपर म्हणजे धर्मांतराचा वर्ग, अशी धास्ती अनेकांना असते. तो पेपर परीक्षेचा असतो: ग्रंथाची रचना, इतिहास, अर्थ लावायच्या पद्धती. मूल्यमापन तुमच्या ज्ञानाचं होतं. आणि पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्याला तो थेट उपयोगी पडतो, कारण जर्मन संगीतकार बाखपासून पुढे कितीतरी कॉयर साहित्याचे शब्द तिथूनच आलेले आहेत. कशावर गातोय हे कळलं की वाक्य कुठे वळवायचं तेही कळतं.

शिक्षक निवडा, मग इमारत

दर आठवड्याला एक तास एकाच शिक्षकासमोर, चार वर्षं. संगीताच्या पदवीचा गाभा हा. म्हणून विद्यापीठाच्या नावापेक्षा तुमच्या वाद्याचा किंवा आवाजाचा शिक्षक कोण, हे मोठं. त्यांना थेट ईमेल करा. चार ओळी पुरेत: तुम्ही कोण, काय वाजवता, सध्या कुठली रचना चालू आहे, आणि एखादा नमुना-धडा मिळेल का. हा धडा बरेच शिक्षक देतात, काही मोफत, काही शुल्क घेऊन, लांब राहणाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर.

धडा झाल्यावर 'छान वाटलं का' हा प्रश्न स्वतःला विचारू नका. शिक्षकाने सांगितलेली एखादी गोष्ट त्याच तासात तुमच्या वाजवण्यात उतरली का, ते बघा. ते पूर्णवेळ प्राध्यापक आहेत की तासावर येणारे, पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणार आहेत का, धडे प्रत्यक्ष तेच देतात की त्यांचे मदतनीस, हेही विचारा.

मान्यतेची खातरजमा पाच मिनिटांत होते. विद्यापीठाला संस्था म्हणून मान्यता आहे का आणि संगीत विभाग वर सांगितलेल्या संगीत संघटनेचा सदस्य आहे का, हे दोन वेगळे प्रश्न. पहिलं नसेल तर पुढे जाऊच नका. दुसरं नसेल तर विभाग वाईट ठरत नाही, पण पुढे एम.एम.ला (मास्टर ऑफ म्युझिक) क्रेडिट मान्य होण्यात किंवा शिक्षकाच्या परवान्यात अडचण येईल का, ते लेखी विचारा.

ऑडिशन

अर्ज साधारण शरद ऋतूत, रेकॉर्डिंगची पूर्वचाळणी असेल तर ती बहुधा डिसेंबरच्या आसपास, प्रत्यक्ष ऑडिशन जानेवारी ते मार्च. विद्यापीठाचा अर्ज आणि संगीत विभागाचा अर्ज हे दोन वेगळे असतात. एक भरला की काम झालं असं समजून बसणारे दरवर्षी निघतात.

रचना निवडताना साधा नियम आहे: एकमेकींपासून लांबच्या. पियानोला बाखचं एखादं प्रील्यूड-फ्यूग किंवा इन्व्हेन्शन, अभिजात काळातल्या सोनाटाचा वेगवान भाग, आणि एक रोमँटिक किंवा विसाव्या शतकातलं. गायनाला एक इंग्रजी, एक इटालियन आणि जमल्यास तिसरं जर्मन किंवा फ्रेंच. पियानो आणि गायन बहुतेक ठिकाणी पाठ लागतं. वर्शिपच्या शाखेला तुमच्या आवडीचं उपासनागीत स्वतः साथ करत गायला सांगतात, पण त्यासोबत एक अभिजात रचनाही मागू शकतात. अवघड रचना ओढूनताणून वाजवण्यापेक्षा एक पायरी खालची स्वच्छ वाजवलेली केव्हाही चांगली. समोर बसलेल्यांना तुमची आजची उडी बघायची नसते, चार वर्षांत तुम्ही कुठवर जाल याचा अंदाज घ्यायचा असतो. ग्रेड परीक्षांची प्रमाणपत्रं जवळ असतील तर अर्जात लिहा. ऑडिशन त्यांनी टळत नाही.

रेकॉर्डिंग करायचं तर एका रचनेचा एकच सलग टेक. मधे कट नको, प्रतिध्वनी घातलेला नको. फोन आडवा, चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असा. गायकाने तयार ट्रॅकवर गाऊ नये, माणसाची साथ घ्यावी; काही विभाग ट्रॅकवरचं रेकॉर्डिंग बघतही नाहीत.

प्रत्यक्ष ऑडिशनला गायकांना विभागाचाच पियानोवादक मिळतो आणि त्याची-तुमची ओळख त्या खोलीतच होते. त्याला सुटी पानं देऊ नका. दोन्ही बाजूंनी प्रत काढून, छिद्रं पाडून बाइंडरमध्ये लावा, म्हणजे पान उलटताना ते उडणार नाही. कापायचा भाग जाड पेन्सिलीने खोडा. लय सांगताना मेट्रोनोमचा आकडा सांगू नका, पहिल्या दोन ओळी त्याच्या कानाजवळ हलकेच गुणगुणा. त्याला लय, श्वास आणि ठेहराव एकदम कळतात. गाताना त्याच्या दिशेने चुटक्या वाजवून ताल देणं हा उद्धटपणा धरला जातो.

मग येते साइट-सिंगिंग: न पाहिलेली आठ-दहा मात्रांची ओळ समोर ठेवतात, अर्धं-एक मिनिट देतात आणि गायला सांगतात. त्या मिनिटात पहिला स्वर शोधू नका. आधी षड्ज, मग गांधार, मग पंचम मनात पक्के करा, शेवटचा स्वर कुठला ते पाहा, सर्वांत मोठी उडी कुठे आहे ते पाहा, आणि मगच सुरुवातीला या. चुकलं तरी थांबायचं नाही, ताल सोडायचा नाही. बऱ्याच विभागांत 'मूव्हेबल डो' पद्धत वापरतात, म्हणजे पट्टी बदलली की 'डो' त्याच्यासोबत सरकतो. सरगम शिकलेल्याला हे घरचंच आहे. अडतं ते पाच रेघांवरचं वाचन. त्यामुळे ऑडिशनच्या आधीचे सहा महिने रोज पंधरा मिनिटं स्टाफ नोटेशन वाचा, ट्रेबल आणि बास दोन्ही क्लेफ, म्हणजे उंच आणि खालच्या स्वरांसाठी ओळीच्या सुरुवातीला असणाऱ्या खुणा.

शेवटी गप्पा होतात. 'हेच विद्यापीठ का?' हा प्रश्न येणारच. श्रद्धेबद्दल विचारलं तर जे आहे तेच बोला. पाठ केलेली साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची कहाणी, त्यांनी हजारदा ऐकलेली असते.

पैशांचं गणित

जाहीर शुल्क आणि प्रत्यक्ष भरायचं शुल्क यांत अशा खासगी विद्यापीठांत मोठा फरक असतो, कारण गुणांवरची, संगीताची आणि कधी चर्चशी निगडित अशा वेगवेगळ्या शिष्यवृत्त्या वजा होतात. त्या एकावर एक मिळतात की एकच मिळते, हा कळीचा प्रश्न. संगीताची शिष्यवृत्ती जवळजवळ नेहमी सशर्त असते: ठरावीक सरासरी गुण आणि दर सत्राला ठरावीक कॉयर किंवा वाद्यवृंदात सहभाग. शाखा बदलली तर ती राहते का, तेही विचारा. शुल्काच्या मोठ्या आकड्याखाली लपलेले छोटे आकडे म्हणजे वैयक्तिक धड्यांचं शुल्क, साथीदार पियानोवादकाचं मानधन, मैफलीचा पोशाख, कॉयरच्या दौऱ्याचा वाटा. संगीत संघटनेच्या सदस्य विभागांत आलेला देकार स्वीकारला तरी १ मेपर्यंत दंड न भरता निर्णय बदलता येतो. त्याआधी सही करायला कोणी घाई करत असेल तर या तारखेची नम्रपणे आठवण करून द्या.

अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांसाठी: सरकारी आर्थिक मदत मिळत नाही, पण विद्यापीठाच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या मिळू शकतात. प्रवेश पक्का झाला की विद्यापीठाकडून आय-२० हा व्हिसासाठी लागणारा कागद येतो, मग ३५० डॉलरचं सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. आणि इथेच संगीताचे विद्यार्थी फसतात. आजूबाजूच्या चर्चना ऑर्गनवादक, पियानोवादक, सोलो गायक सतत हवे असतात आणि ते रविवारच्या उपासनेचे पैसे देतात. अमेरिकन वर्गमित्र बिनदिक्कत जातात. एफ-१ वाल्यासाठी ते कॅम्पसबाहेरचं काम ठरतं आणि परवानगीशिवाय घेतलेलं एक पाकीटही व्हिसाचा भंग ठरू शकतो. पहिल्या शैक्षणिक वर्षात तर तशी परवानगी मिळतही नाही. मंडळीत बसून गाणं वेगळं, नेमणूक घेऊन वाजवणं वेगळं. शंका आली की आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला आधी विचारा, पाळकांना नंतर. पदवीनंतर ओ.पी.टी.चे, म्हणजे आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ संगीताच्या पदवीला नसते.

पहिलं सत्र

आल्या आल्या थिअरी आणि पियानोची पातळी-चाचणी होते. खालच्या वर्गात टाकलं तर हट्ट करून वरच्यात जाऊ नका. पहिल्या दोन वर्षांची थिअरी ही चार सत्रांची साखळी असते, पायाच कच्चा राहिला तर तिसऱ्या सत्रात कोसळते. बाखच्या धर्तीवर चार आवाजांची हार्मनी लिहायला शिकवतात: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. दोन आवाज पंचमाच्या अंतरावर सोबत सरकले की लाल खूण. कारण ते दोन आवाज एकमेकांत विरघळतात आणि चारऐवजी तीनच ऐकू येतात. हा नियम पाठ करण्यापेक्षा कॉयरमध्ये उभं राहून एकदा कानाने ऐका.

पियानो सगळ्यांना लागतो, बासरीवाल्यालाही. साधारण चार सत्रांनंतर प्रोफिशियन्सी परीक्षा पास झाल्याशिवाय पदवी मिळत नाही: दोन्ही हातांनी स्केल्स, दिलेल्या चालीला कॉर्ड बसवणं, पट्टी बदलून वाजवणं, कॉयरच्या चार वेगळ्या ओळी एकदम वाचणं. या शेवटच्या प्रकारात टेनरची ओळ ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलेली असते पण वाजवायची एक सप्तक खाली, आणि पहिल्यांदा सगळेच ती वर वाजवतात. ख्रिस्ती विद्यापीठात यात उपासनागीत न थांबता वाजवून दाखवणं सहसा असतंच. रोज एक गीत वाजवायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा.

गीतांचा इतिहास हा पेपर अनेकजण झोपायचा तास समजतात, तो त्यांचा तोटा. एक उदाहरण बघा. 'अमेझिंग ग्रेस'चे शब्द जॉन न्यूटन यांचे, छापले गेले १७७९ मध्ये. आज जगभर गातात ती 'न्यू ब्रिटन' ही चाल त्या शब्दांना जोडून विल्यम वॉकर यांनी छापली १८३५ मध्ये, अमेरिकेत. मधली छप्पन्न वर्षं ते शब्द वेगवेगळ्या चालींवर गायले जात होते. हे शक्य होतं कारण ओळींची मापं ठरलेली असतात: आठ, सहा, आठ, सहा अक्षरावयव. म्हणजे कॉमन मीटर. त्या मापाचे कुठलेही शब्द त्या मापाच्या कुठल्याही चालीवर बसतात. हे कळलं की चर्चमध्ये ऐनवेळी अनोळखी गीत समोर आलं तर मंडळीला माहीत असलेली चाल त्याला लावून वेळ निभावता येते.

सत्राअखेरीस ज्युरी: पाच-दहा मिनिटं, दोन-तीन प्राध्यापक, तुमच्या सत्रभराच्या रचना. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जरा मोठी चाळणी असते, तिसऱ्या वर्षी साधारण अर्ध्या तासाचा रिसायटल, म्हणजे तुमची स्वतःची मैफल, आणि चौथ्या वर्षी तासाभराचा. याशिवाय दुसऱ्यांचे कार्यक्रम ऐकायची सक्ती असते, बऱ्याच ठिकाणी सत्राला दहा-पंधरा. ते सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकून घ्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून ख्रिसमसच्या कार्यक्रमांच्या तालमी रोजच्या होतात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला मैफली, ज्युरी आणि बायबलच्या पेपरसह सगळ्या परीक्षा एकाच पंधरवड्यात येतात. त्या पंधरवड्यासाठी लिहायचे निबंध ऑक्टोबरात संपवलेले असतील तरच घसा आणि झोप शाबूत राहते.

घशावरून आठवलं. आठवड्याला कॉयरचे पाच तास, धडा, रियाज, चॅपलमध्ये गाणं, वर वसतिगृहात मोठ्याने गप्पा. आवाज या सगळ्याची बेरीज करतो. कॉयरमध्ये थकल्यासारखं वाटलं तर ओळ सोडून नुसते ओठ हलवायला चांगला संचालक परवानगी देतो. तसं आधीच बोलून ठेवा. वादकांनी पन्नास मिनिटं वाजवून दहा मिनिटं हात सोडावेत. मनगटात किंवा अंगठ्यात दोन दिवसांहून जास्त दुखलं तर तिसऱ्या दिवशी शिक्षकांना सांगा, ज्युरी संपायची वाट बघू नका. ड्रमच्या शेजारी उभं राहणाऱ्या वर्शिप बँडवाल्यांनी इअरप्लग पहिल्या तालमीपासून वापरावेत.

रियाजाच्या खोल्या सकाळी नऊच्या आधी रिकाम्या असतात आणि रात्री आठनंतर मिळत नाहीत. वेळापत्रक हातात पडलं की वर्गांच्या आधी त्यात रोजचे दोन तास रियाजाचे लिहा, चॅपल आणि कॉयरच्या वेळा वेगळ्या रंगात टाका, आणि उरलेल्या जागेत बाकीचे विषय बसतात का ते पाहा. बसत नसतील तर पहिल्या आठवड्यातच सल्लागाराकडे जाऊन एक पेपर पुढच्या सत्रात ढकला. विषय सोडायची मुदत बहुधा दुसऱ्या आठवड्यात संपते.